वळणावरची गाठ

४ फेब्रुवारी

कापता येतं! कापता येतं!

घरी येईपर्यंत गाडीत हेच म्हणत होते, मोठ्याने. चौकात सिग्नल हिरवा झालेला दिसलाच नाही. मागच्याने हॉर्न वाजवला — माझ्यावर! इतकी वर्षं लोकांना गाडी शिकवतेय, "लक्ष कुठंय तुमचं?" म्हणून घसा फोडतेय, आणि आज माझ्यावर हॉर्न. वाजव बाबा. आज सगळं माफ.

नीट लिहिते, नाहीतर पुढच्या वर्षी वाचताना माझं मलाच कळायचं नाही. (पुढच्या वर्षी! कालपर्यंत हे शब्द लिहिले नसते.)

आठ वर्षांपूर्वी डावी किडनी काढली. कॅन्सर होता. गेला, असं सगळे म्हणाले, मग मीही म्हणायला लागले. उरलेल्या एका किडनीवर मजेत चाललं होतं. मध्यंतरी जिना चढताना धाप लागायला लागली. वय झालं, म्हटलं. मग संडासात रक्त दिसलं. मग दुर्बीण घातली — कुठून ते लिहीत नाही, माझ्या चांगलं लक्षात आहे. मोठ्या आतड्यात गाठ. तिचा तुकडा तपासायला गेला, तर तुकडा आतड्याचा नाहीच, किडनीचा! जुनाच पाहुणा. आठ वर्षं कुठे दडी मारून बसला होता मेला, आणि आता आतड्यात बिऱ्हाड केलंय.

सर्जनबाई म्हणाल्या, "किडनीचा कॅन्सर आतड्यात जाणं फार क्वचित होतं. माझ्या हाताखालून अशा दोनच केसेस गेल्यात." नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. मला मात्र, खरं सांगते, थोडी ऐटच वाटली. आयुष्यात पहिल्यांदा क्वचित काहीतरी झालं.

आणि आज सगळे स्कॅन समोर लावून म्हणाल्या, "बाकी कुठे काही दिसत नाही. एकच गाठ आहे. कापून काढता येईल."

बस! मी खुर्चीतून उठून त्यांचा हातच धरला. बाई माझ्या खांद्याला लागतात जेमतेम. ऑपरेशनला स्टुलावर उभ्या राहतात म्हणे. असू दे. सीट पुढे ओढून बसणारे ड्रायव्हर सगळ्यात सावध असतात, हा माझा अनुभव आहे.

६ फेब्रुवारी

सकाळपासून तीन शिकाऊ झाले. एकाने दुभाजकावर चढवली. ओरडले नाही. तो घाबरून म्हणाला, "मॅडम, तुम्ही बऱ्या आहात ना?"

८ फेब्रुवारी

आज बाईंनी चित्र काढून दाखवलं. मोठं आतडं उजवीकडून वर जातं, आडवं होतं, आणि डाव्या बरगडीखाली वळून खाली उतरतं. त्या वळणावरच गाठ बसलीय.

"वळणावर पार्किंग?" मी म्हटलं. "दंड करा तिला."

बाई हसल्या. नवरा हसला नाही. तो चष्मा पुसत होता. याचं चष्म्याचं दुकान आहे म्हणून लोक याला चष्मेवाला म्हणतात. मी म्हणते ते याच्यासाठी, की अडचणीचं काही निघालं की हा चष्मा काढून पुसायला लागतो. म्हणजे दिसायलाच नको!

मग बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "एक गोष्ट स्पष्ट सांगते. स्कॅनमध्ये बारीक ठिपके दिसत नाहीत. पोट उघडल्यावर आत आणखी पसरलेलं दिसलं, तर मी आतडं कापणार नाही. त्याचा उपयोग नसतो. टाके घालून बाहेर येईन आणि मग औषधांवर चालवायचं, जितकं चालेल तितकं. पण आत स्वच्छ असलं, तर ते वळण गाठीसकट काढते, दोन्ही टोकं जोडते, आणि तुम्ही कामाला लागा."

"म्हणजे कुठलं झालं ते मला शुद्धीवर आल्यावरच कळणार."

"हो."

पोटात गोळा आला. (होताच म्हणा.) पण बाईंचं आवडलं. उगाच साखर पेरणं नाही.

घरी येऊन चष्मेवाल्याला समोर बसवलं. सांगितलं, या वेळी लपवालपवी चालणार नाही. मागच्या वेळी याने आणि लेकीने मिळून बातमी दाबून ठेवली होती — 'तिला जरा ताकद येऊ दे, मग सांगू.' मला पहिल्याच दिवशी कळलं होतं! हा माझ्या हातचं करपलेलंही न कुरकुरता खायला लागला, लेक रोज फोन करायला लागली. इतकी गोडी कुठल्या निरोगी बाईच्या वाट्याला येते? सगळं कळत असून न कळल्याचं सोंग करत बसले, तेवढे दिवस ऑपरेशनपेक्षा जास्त दुखले. तेव्हाच कानाला खडा लावलाय.

"काहीही असो, मला लगेच कळलं पाहिजे," म्हटलं. "एक मिनिटसुद्धा थांबायचं नाही. शपथ घे."

त्याने घेतली. चष्मा न पुसता.

१० फेब्रुवारी

आज भीती वाटली. भरदिवसा, एकाला रिव्हर्स शिकवताना. 'आरशात बघा' म्हणायचं, ते तोंडातून निघेना. लिहून टाकलं, बस.

१२ फेब्रुवारी

एक घोळ निघालाय. ऑपरेशननंतर मला आयसीयूत ठेवणार, आणि तिथे पहिल्या दिवशी घरच्यांना आत घेत नाहीत. दाराच्या काचेतून बघायचं फक्त. मग हा मला लगेच सांगणार कसा? सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर राउंडला आल्या की सांगतील." राउंडला! तोवर मी काय छताचे पंखे मोजू?

मग मला सुचलं. हाताच्या खुणा! गाडीच्या खिडकीतून दाखवतात त्या. हात सरळ वर, तळवा पुढे — थांबा. म्हणजे आत पसरलंय, काही केलं नाही. हात वर नेऊन मागून पुढे झोकला — रस्ता मोकळा, या पुढे. म्हणजे गाठ निघाली.

चष्मेवाला म्हणाला, "दुसरं काही नाही का? अंगठा वगैरे?"

याची का धांदल उडाली ते मला ठाऊक आहे. तीस वर्षांपूर्वी हा माझ्याकडे गाडी शिकायला आला आणि परीक्षेत तीनदा नापास झाला. तिन्ही वेळा हाताच्या खुणांमध्ये! उजवीकडे वळतोय म्हणून सांगायचं तिथे हा परीक्षकाला नमस्कार करून आला होता. अजून परवाना नाही. आल्यागेल्याला ऐकवतो, "परवाना नाही मिळाला, मास्तरीण मिळाली."

"अंगठा कोणीही कशालाही दाखवतो," मी म्हटलं. "खूण म्हणजे खूण. उभा राहा."

अर्धा तास सराव घेतला. बैठकीच्या खोलीत मध्यभागी उभा करून. थांबा! मोकळा! थांबा! मोकळा! एकदा दिव्याला हात लागला. लेकीला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "आई, बाबांना दुसरं कोणी शिकवलं असतं तर ते एव्हाना पास झाले असते." कार्टी!

१५ फेब्रुवारी

नवीन शिकवण्या बंद केल्या. फक्त हेडबाई उरल्यात. निवृत्त मुख्याध्यापिका, पासष्टीच्या पुढे, केस पांढरे, क्लचवरचा पाय मात्र सोळा वर्षांच्या पोरीसारखा धसमुसळा. त्यांना म्हटलं, "दुसऱ्या स्कूलमध्ये नाव घाला, मी महिना-दोन महिने नसेन." चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं त्यांनी, सगळी शाळा गप्प होत असेल असं. "मी शिक्षक बदलत नसते. तुम्ही या परत. मी थांबते."

त्या गाडीतून उतरून गेल्यावर मी जरा रडले. बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी

आज पिशवीचं. दोन टोकं जोडायला जमली नाहीत, तर काही काळ पोटावर भोक ठेवून पिशवी लावावी लागेल. शक्यता कमी, पण जागा आधी ठरवून ठेवतात. एक सिस्टर त्याच कामाची आहे. पेन घेऊन आली. "उभ्या राहा. आता बसा. आता वाका." प्रत्येक वेळी पोटाची वळी कुठे पडते ते बघत होती. वळ्या भरपूर, पसंतीला वाव.

मी विचारलं, "सीटबेल्टचं काय?"

ती थबकली. "तुम्ही रोज लावता?"

"अहो, मी दिवसाचे आठ तास बेल्टातच असते!"

मग खुर्चीत बसवलं मला, आणि म्हणाली, लावा बेल्ट. मी हवेतला बेल्ट ओढला, खांद्यावरून, कमरेवरून. खटका पण लावला — सवय! त्या रेषा टाळून तिने बरोबर वरच्या बाजूला फुली मारली. माझ्या पोटावर कोणीतरी माझ्या धंद्याचा विचार करून जागा ठेवली! इतकं बरं वाटलं की सिस्टरला म्हटलं, तुला गाडी शिकायची असली तर ये, माझ्याकडे ये.

१७ फेब्रुवारी

दाखल झाले. आणि कशी!

घरून मीच गाडी नेणार होते. चष्मेवाल्याला येत नाही, लेक थेट स्टेशनवरून येणार होती. अंगात त्राण नाही, पण टॅक्सीत बसायचं म्हटलं की जिवावर येतं. दुसऱ्याचं ड्रायव्हिंग बघवत नाही मला. बॅग ठेवत होतो तर गेटात हेडबाई उभ्या. "तुम्ही शेजारी बसा. मी नेते."

"बाई, मोठा रस्ता आहे."

"मग कधी शिकणार मी?"

शेजारी बसले. माझ्या बाजूला ब्रेक आहेच. चष्मेवाला मागे, मांडीवर बॅग, डोळे मिटून.

"क्लच, बाई."

"दाबलाय."

"हळू सोडा. हळू! अहो हळू!"

"माझ्यावर ओरडू नका. आज तुम्ही पेशंट आहात."

मागून आवाज आला, "पूल गेला का? मी डोळे उघडू का?"

पुलावर गाडी एकदा बंद पडली. मागे रांग लागली, हॉर्न सुरू. हेडबाईंनी काच खाली केली आणि मागच्याला फक्त बघितलं. हॉर्न बंद! असलं मला तीस वर्षांत जमलेलं नाही. हॉस्पिटलच्या दारात रखवालदार आला. शिकाऊ गाडीचा फलक बघतोय, पांढरे केस बघतोय. "पेशंट कोण?" मी. "मग चालवतंय कोण?" "माझी विद्यार्थिनी." त्याने कपाळाला हात लावला. पण बाईंनी गाडी दोन खांबांमध्ये अशी लावली, एका दमात, की मी टाळी वाजवली. चष्मेवाला तेव्हा उतरला.

संध्याकाळी आतडं साफ करायचं औषध. घटाघट भांडंभर. त्यानंतरचं वर्णन नको. लेक आलीय. बाथरूमच्या बाहेरून विचारते, "आई, ठीक ना?" मी आतून, "इंजिन धुतेय!"

१८ फेब्रुवारी

न्यायला आले. थांबा किंवा मोकळा. मला मोकळा हवाय. खूप हवाय.

२० फेब्रुवारी

अक्षर वाईट येतंय. तरी लिहिणार. आज लिहिलं नाही तर फुटेन. टाके बाजूला राहू देत!

ट्रॉलीवरून नेताना वॉर्डमामांनी कोपऱ्यावर असं काही वळण घेतलं की माझा उजवा पाय आपोआप दाबला गेला. "दुखतंय का?" मामा. "नाही. ब्रेक." थिएटर थंडगार. बाईंचं स्टूल खरंच होतं! निळं, रबरी पायांचं. भूल देणारे डॉक्टर पुन्हा पुन्हा म्हणत होते, एकच किडनी आहे, जपून. मी म्हटलं, हो, स्टेपनी नाही. पुढचं काही आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा सगळं धूसर. घशात खवखव, नाकात नळी, पोटावर कुणीतरी गाडी घातल्यासारखं. आधी कळेचना कुठे आहे. मग आठवलं. दार! मान वळवली. काचेपलीकडे चष्मेवाला. माझ्याकडेच बघत होता.

त्याने हात वर केला. सरळ. तळवा पुढे.

थांबा.

मी बघत राहिले. हात तसाच. खाली येईना, पुढे जाईना. माझ्या डोळ्यांतून पाणी सुरू झालं, कानात गेलं. मनात एकच — शिकला शेवटी. तीस वर्षांत पहिल्यांदा खूण बरोबर केली मेल्याने, आणि तीही ही. मग वाटलं, लेकीचं अजून काही नाही, दुकान सांभाळून घराचं हा एकटा कसं बघणार, हेडबाईंना कोण शिकवणार. असलं काय काय. सिस्टर आली, "दुखतंय का मावशी?" मी मान हलवली. नाही. दुखत नव्हतं. आत सगळं रिकामं झालं होतं.

पुन्हा बघितलं तर हा काचेवर कपाळ टेकून हमसून हमसून रडतोय. आणि शेजारी लेक! ती त्याचा वर गेलेला हात धरून खाली ओढतेय, आणि स्वतः आपला हात मागून पुढे, मागून पुढे, पंख्यासारखा फिरवतेय. मोकळा! मोकळा! मोकळा! मग त्याला पण भान आलं. तोही लागला फिरवायला. चष्मा कुठेतरी पडला होता. दोघं येड्यासारखे हात फिरवतायत, मागे रखवालदार त्यांना हटवतोय.

मला हसता येईना, हसलं की टाके ओढत होते. तरी हसले. कळवळले. परत हसले.

बाई आल्या. मला अगदी उंच दिसल्या. म्हणाल्या, "निघाली. एकसंध. आत दुसरं काहीही नाही. जुन्या ऑपरेशनमुळे सगळं चिकटलेलं होतं, म्हणून वेळ लागला. टोकं छान जोडली गेली, पिशवीची गरज पडली नाही." गाठ लिंबाएवढी होती म्हणे. मी विचारलं, दंडाची पावती फाडली का? त्या म्हणाल्या, "गाडीच उचलून नेली."

दुसऱ्या दिवशी दुपारी चष्मेवाल्याला आत सोडलं. विचारलं, काय केलंस रे? म्हणाला, "अगं, हात वर नेला. आता पुढे झोकायचा म्हणून तुझ्याकडे बघितलं, तू डोळे उघडलेले. मग पुढचं जमलंच नाही. हात तिथेच राहिला."

चौथ्यांदा नापास. पण जवळ बोलावून त्याचा हात धरून ठेवला, सिस्टर ओरडेपर्यंत.

२२ फेब्रुवारी

आता सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे. वारा सरला का? आतडं पुन्हा चालू झाल्याची ती खूण. तोवर तोंडात काही नाही. बाई विचारतात, सिस्टर विचारतात, भूलवाले डॉक्टर जाता जाता डोकावून विचारतात. सफाईवालीसुद्धा! लेकीने मैत्रिणींना कळवलंय, त्या विचारतायत. सलाईनचा खांब ढकलत फेऱ्या मारतेय. काही नाही. चष्मेवाला पलंगाशेजारी कान देऊन बसलाय. लाज म्हणून उरली नाही कोणाला.

२३ फेब्रुवारी

सरला!!! मोठ्याने!

चष्मेवाला धावत सिस्टरला सांगायला गेला. अख्ख्या वॉर्डाने ऐकलं — त्याचं ओरडणं. समोरच्या पलंगावरच्या बाईने अभिनंदन केलं. दुपारी दोन चमचे पेज. इतकं चविष्ट काही मी जन्मात खाल्लं नाही.

७ मार्च

रिपोर्ट! कापलेल्या दोन्ही कडा स्वच्छ. आतड्याजवळच्या लसिकाग्रंथींमध्येही काही नाही. स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ! बाई म्हणाल्या, सध्या औषधाचीही गरज नाही, दर तीन महिन्यांनी बघत राहू.

बाहेर येऊन बाकावर बसलो. चष्मेवाला म्हणाला, "आता मी तुझ्याशी भांडू शकतो ना?" गेले महिनाभर दाबून ठेवलं होतं म्हणे. रिक्षात बसेपर्यंत भांडलो. काय सुख!

५ एप्रिल

गाडी चालवली! बेल्टखाली एक उशी, पहिल्या गिअरमध्ये गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. बाईंनी परवानगी दिली होती, तरी पहिला ब्रेक दाबताना श्वास रोखला. काही झालं नाही. मग दुसरा गिअर टाकला. मग मोठ्या रस्त्यावर गेले. सांगणार कोणाला, घरी रागावतील.

१९ एप्रिल

हेडबाई पास. पहिल्या फटक्यात! परीक्षकाने हाताच्या खुणा विचारल्या तेव्हा त्यांनी त्यालाच दोन चुका दाखवल्या. पेढ्यांऐवजी माझ्यासाठी मऊसूत शिजवलेला भात घेऊन आल्या. तिघांनी बसून खाल्ला. आकाश ठेंगणं झालंय अगदी.

१० जून

पहिल्या तपासणीचा निकाल. म्हटलं पाच मिनिटांचं काम, एकटीच गेले.

उजव्या किडनीत ठिपका. वाटाण्याएवढा. उरलेल्या, एकुलत्या एक किडनीत. बाईंनी सरळ सांगितलं. लहान आहे, किडनी ठेवून तेवढाच काढायचा प्रयत्न करू म्हणाल्या, पण वेळ घालवायचा नाही.

घरी आले. चष्मेवाला स्वयंपाकघरात भांडी घासतोय आणि गातोय. मोठ्याने, भसाड्या आवाजात. इतक्या वर्षांत याला कधी गाताना ऐकलं नव्हतं. आतूनच ओरडला, "काय म्हणाल्या गं?"

"तुझं चालू दे," म्हटलं.

इथे बाहेर बसून लिहितेय. सांगणारच आहे. गाणं तेवढं संपू दे.